चुंबळ जेवत नाही

दिन्या, तुला कावळा शिवेना.

दहाव्याला आपल्या गावी गिरणेच्या काठावर आम्ही सगळे ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून होतो. भाताचे पिंड मांडलेले, वर दही घातलेलं, समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे, आणि एकही खाली उतरायला तयार नाही. नानाकाका उपरण्याने घाम पुसत म्हणाले, "तेना जीव कशामा तरी अडकेल शे. बोला रे, ज्याले जे बोलनं व्हयी ते बोला." मग एकेक जण पुढे होऊन, हात जोडून तुला शब्द द्यायला लागला. कोणी म्हणालं, वर्षश्राद्ध नीट करू. कोणी म्हणालं, अक्काला अंतर देणार नाही. अक्का म्हणजे मी, आणि मी तिथेच धडधाकट उभी होते. कावळे ढिम्म.

मला काही वाटत नव्हतं. पाय भाजत होते तेवढं कळत होतं. नानाकाका माझ्याकडे वळले, "बोल व माय, तूच मोठा करेल शे तेले." मी पुढे झाले आणि शाळेत परिपाठाला बोलते तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "दिन्या, तुझा साप मी सांभाळीन."

भाऊबंदांत कुजबुज झाली. तुझ्या दाजींनी मान खाली घातली. आणि एक कावळा उतरला. मी अजूनही म्हणते, तोवर बाभळीवरच्यांनाही कडकडून भूक लागली असेल. पण चारचौघांत, त्यातही नदीवर दिलेला शब्द. मला तो पाळणं भाग होतं.

सहा वर्षं ज्या सापामुळे मी तुझ्या खोलीत पाण्याचा घोट घेतला नाही, तो साप. तुझी चुंबळ. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अंगाचं वेटोळं करून, डोकं मधोमध लपवून बसली होती, आणि बायका डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात त्या चुंबळीसारखीच दिसत होती. तू म्हणालास, "बघ, नाव शोधायला लागलंच नाही." मी दारातूनच विचारलं होतं, हिच्याऐवजी नाग वगैरे का नाही पाळलास, निदान पूजा तरी झाली असती. तू गंभीर झालास. आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं गुन्हा आहे अक्का, आणि मला विचारशील तर पापही, त्याला शेत असतं. ही परदेशी जातीची, पिंजऱ्यातच जन्मलेली, हिचे कागद रीतसर आहेत, हिला सोडायला जागाच नाही. म्हणजे अनाथ, मी म्हणाले. तू म्हणालास, "हो, आपल्यासारखीच."

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, मी सतरा. त्या दिवसापासून मी तुला जेव म्हणत आले. जेव, अभ्यास कर, लग्न कर, लग्न मोडलं तर दुसरं कर, ते होत नसेल तर निदान धुळ्याला माझ्याकडे ये. तू फैजपूरला केळी पिकवायच्या चेंबरवर नोकरी धरलीस आणि तिथेच एका खोलीत राहिलास. दहा बाय बाराची खोली, एक खिडकी, तीही अर्धी कपाटाने झाकलेली. मी तिला कोंडवाडा म्हणायचे. तुझ्या तोंडावर म्हणायचे, पाहुण्यांत म्हणायचे.

गेल्या भाऊबीजेला तुला ओवाळलं आणि हाताला धरून वर नेलं. गच्चीलगतची खोली तुझ्यासाठी तयार केली होती. तीन खिडक्या, पिस्ता रंग, नवे पडदे, डबल पलंग. तू सगळीकडे नीट पाहिलंस. भिंतीला हात लावून पाहिलास. मग म्हणालास, "छान केलीय अक्का. पण मला इथे झोप लागायची नाही." एवढंच. मला वाटलं होतं तू निदान आठ दिवस राहशील. मी म्हणाले, तुला माणसं नकोतच, तुला साप पाहिजे. आणखीही बोलले. तुझ्यासारख्या माणसाशी कोणती बाई संसार करील, असंही बोलले. तू चपला घातल्यास आणि फराळाचा डबा तिथेच ओट्यावर राहिला. तो डबा घेऊन तुझे दाजी स्टँडपर्यंत धावले, तोवर जळगावची गाडी निघून गेली होती.

त्यानंतर आपण फोनवर बोललो, नाही असं नाही. रविवारी मी विचारायची, जेवलास का. तू म्हणायचास, हो. मग दोन मिनिटं उन्हाची नाही तर थंडीची चौकशी. माघ संपता संपता तू चेंबरच्या दारात छातीवर हात धरून बसलास तो उठलाच नाहीस. भाऊबीजेचं भांडण तसंच राहिलं. लोक मला म्हणतात, रडून घे. मी बसते, प्रयत्न करते, येत नाही. अंगाला झोप लागल्यासारखं आहे, माणूस जागा.

तर चुंबळ. तेराव्यानंतर हेमंताने, तुझ्याबरोबर चेंबरवर असायचा तो, तिला कापडी पिशवीत घालून धुळ्याला आणून दिलं. बरोबर तुझी वही, पाण्याचं जड भांडं, दोन फुटकी खापरं, आणि तिच्या खाण्याचे उंदीर गोठवून ठेवायचा तो छोटा फ्रीज. आमच्या घरात अंडंही येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्या दाजींनी फ्रीज मागच्या पडवीत नेऊन ठेवला आणि वर एक जुनी चादर टाकली. ती राहायची तो तुझा लाकडी पेटारा मात्र मी आणू दिला नाही. तीन बाजू बंद, पुढे एक काच, आतून काळोख. मला तो बघवायचा नाही. शब्द दिलाय तर चांगलंच सांभाळीन, असं मी ठरवलं.

जळगावहून मोठी काचेची टाकी आणली. पाच फूट लांब, चारी बाजूंनी स्वच्छ. ती तुझ्यासाठी केलेल्या खोलीत, खिडकीजवळ मांडली. तुझी खापरं कळकट होती, तेव्हा फिनाईल घालून घासली, वाळवली, आणि एकच ठेवलं, म्हणजे तिला हिंडायला जागा राहील. टाकीत प्लास्टिकची हिरवी वेल सोडली. मग चुंबळ आत सोडली आणि खुर्ची घेऊन समोर बसले. सांगते तुला, मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केल्यासारखं वाटलं.

ती जेवली नाही. वहीत लिहिल्याप्रमाणे उंदीर कोमट पाण्यात सोडून, पुसून, चिमट्यात धरून पुढे केला. तिने जीभ दोन-तीनदा आतबाहेर केली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शाळेतून आले की हातपाय धुवायच्या आधी मी वर जायची. ती काचेला नाक लावून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायची, सारखी, आणि मला वाटायचं, बघा, जागा मिळाली तर कशी हिंडते. नाही तर खापराखाली जाऊन आवळून बसायची. मी खापर उचलून बघायची, बरी आहे ना म्हणून. एकदा तिने मान मागे घेऊन फुत्कार टाकला. मी खापर ठेवलं आणि तासाभराने पुन्हा उचललं.

तीन आठवडे झाले. सासूबाई जिना चढून वर आल्या. हळदकुंकू घेऊन आल्या होत्या, आणि वाटीत दूध. "दूध तरी पाज तिले. मुका जीव शे." मी म्हणाले, आई, साप दूध पीत नाही, दिनेश सांगायचा. त्यांनी टाकीसमोर वाटी ठेवलीच. मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "मी सांगू का व बाई, हाऊ दिनेशच येल शे. बहीणना घर येल शे. म्हनीसन जेवत नही, रुसेल शे."

मला त्यांचं बोलणं झटकून टाकता आलं नाही. तुझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय, 'तिला राग नसतो, प्रेम नसतं, आठवण काढणं नसतं. तिला धोका असतो किंवा नसतो.' मला ते वाक्य वाचून तुझा राग आला. सहा वर्षं तू तिला हातावर खेळवलीस, आणि ती तुझ्यासाठी उपाशीही राहत नसेल, तर मग तिने उपाशी राहायचं कारण काय? मला पाहिजे होतं की ती तुझ्यासाठी झुरत असावी. घरात कोणीतरी ते करायला हवं होतं. मी तर रोज दोन्ही वेळा जेवत होते, चवसुद्धा लागत होती.

चैत्र लागला. तुला धुळ्याचा चैत्र माहीत आहे, गच्चीलगतची खोली म्हणजे दुपारी तापलेला तवा. मी कूलर लावला, तर हवा थेट टाकीवर. बंद केला, तर टाकीतल्या तापमापकाचा काटा अडतीसच्या वर. तू एकदा सांगितलं होतंस, तेव्हा मी ऐकलं नव्हतं, की पुस्तकं सगळी थंड देशातली, त्यात ऊब कशी द्यायची ते असतं, आणि आपल्याकडे खरं काम तिला थंडावा द्यायचं. एका बाजूला ऊब, एका बाजूला गारवा, दोन्हीकडे लपायला खापर, म्हणजे तिला ऊब हवी म्हणून आडोसा सोडावा लागत नाही. हे सगळं वहीत होतं. मी फक्त काय खाते तेवढंच वाचलं होतं.

चुंबळीची कात अर्धी निघाली आणि अर्धी चिकटून राहिली. नाकावरचे खवले घासून पांढरे पडले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात ठेवून वजन केलं तर बरंच उतरलं होतं. मी शाळेत रजा टाकली आणि हेमंताला फोन केला. म्हणाले, ही मरेल रे. मी शब्द दिलाय आणि ही माझ्या हातात मरेल.

हेमंताने मला एकेक विचारलं. टाकी कुठे आहे, किती उजेड आहे, खापरं किती, किती वेळा उंदीर दाखवता. मी सांगितलं, रोज. दिवसातून किती वेळा बघता? मी म्हणाले, मोजलं नाही. तो म्हणाला, "अक्का, राग मानू नका. चेंबरमध्ये नवा माणूस आला की सारखं दार उघडून बघतो, पिकली का, पिकली का. दिनेशभाऊ त्याला एकच सांगायचे, दार लाव, तिचं तिला करू दे. तुम्ही तिला विचारणं बंद करा."

मी फोन ठेवला. चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जळगाव आणि तिथून फैजपूर गाठलं, तुझा पेटारा आणायला.

खोलीचं कुलूप घरमालकाने काढून दिलं आणि तो निघून गेला. दिन्या, सहा वर्षांत मी तुझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. पेटारा भिंतीला टेकून होता, बाजूला गोणपाटाची घडी, तू ती ओली करून वर टाकायचास. आणि तुझी खाट. मी दारातून नेहमी पाहायचे तेव्हा मला ती कोपऱ्यात कोंबल्यासारखी दिसायची, एका अंगाला भिंत, डोक्याशी भिंत, दुसऱ्या अंगाला कपाट. पाठ दुखत होती म्हणून मी तिच्यावर टेकले, आणि मग आडवीच झाले. कपाटामुळे खिडकीतला उजेड डोळ्यांवर येत नव्हता. पाठीला भिंत गार लागत होती. दार समोर दिसत होतं, आणि दारातल्या माणसाला आतलं अर्धंच दिसलं असतं. उशाशी हात लांबवला की पाण्याचा तांब्या, दिव्याचं बटण, रेडिओ, सगळं न उठता लागत होतं.

मी तिथे दोन तास झोपले. तू गेल्यापासूनची पहिली झोप. जाग आली तेव्हा घामाने भिजले होते आणि कुठे आहे ते कळेना, आणि भीती वाटली नाही.

तुला तिथे बरं वाटत होतं. हे तू मला कधी सांगितलं नाहीस असंही म्हणता येत नाही, दर खेपेला सांगितलंस. आई गेल्यावर तू गोधडीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून, भिंतीला चिकटून झोपायचास, आणि मी गोधडी ओढून म्हणायची, गुदमरशील. तेव्हापासून मी ओढतेच आहे. प्रेमानेच ओढत होते रे. पण ओढत होते.

पेटारा हेमंताने टेम्पोत घालून दिला. घरी आणला तो खाली कोठीच्या खोलीत ठेवला, तिथे उजेड नाही आणि भिंती जाड आहेत. तुझ्या वहीप्रमाणे एका कडेला ऊब, दुसऱ्या कडेला ओलं गोणपाट. दोन्ही खापरं, साध्या पाण्याने धुऊन. प्लास्टिकची वेल फेकली. तुझे दाजी न सांगता दाराच्या फटीला कापड लावून गेले. सासूबाईंना मी हात जोडून सांगितलं, आई, वाटी बाहेर ठेवा, आत नको. त्या पुटपुटल्या, पण त्यांनी वाटी बाहेर ठेवली आणि मांजराने ती दोन दिवस नेमाने संपवली.

मग बारा दिवस मी काही केलं नाही. पाणी बदलायला एकदा जायची, तेही न बघता. तुला कल्पना नाही येणार हे मला किती जड गेलं. वर्गात पोरं म्हणायची, बाई, तुम्ही तेच गणित पुन्हा घातलं. स्वयंपाक करताना कान कोठीकडे. चौथ्या दिवशी दाराच्या कडीला हात गेला होता, तुझ्या दाजींनी पेपरमागून नुसतं खाकरून दाखवलं. मी परत फिरले. सातव्या दिवशी पाणी बदलताना चिकटलेली कात पडलेली दिसली, उरलेली सगळी एकसंध, शेपटीच्या टोकापर्यंत, तू मला फोटोत दाखवायचास तशी. मी ती उचलली नाही.

आज दिवेलागणीला उंदीर कोमट करून घेऊन गेले. पेटाऱ्याची काच बोटभर सरकवली, चिमटा आत धरला आणि तोंड दुसरीकडे केलं. भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत उभी राहिले. मनात जेव म्हणाले नाही. म्हणायचं नाही असं ठरवून गेले होते आणि खरंच म्हणाले नाही. चिमट्याला असा हिसका बसला की माझ्या तोंडून आईगं निघालं. पाहते तर ती उंदराला विळखा घालून बसलेली, अंगात जोर, डोळे कोरडे स्वच्छ. मग सावकाश गिळलं. मान दोनदा उचलली, जांभई दिल्यासारखा जबडा बसवला, आणि माझ्याकडे न बघता गारव्याच्या खापराखाली गेली. तिथे अंगाचं वेटोळं केलं, सगळीकडून खापराला टेकून.

ती तुझ्यासाठी झुरत नव्हती, दिन्या. तुझं वाक्य खरं होतं. तिला धोका होता, आणि तो धोका मी होते.

मी तुझ्यासाठीही तेच होते का? हे मला तुला विचारायचंय. तू नाही म्हणाला असतास, हसून म्हणाला असतास, आणि भाऊबीजेच्या दिवशी चपला घालून गेलास तसाच पुन्हा गेला असतास. मला क्षमा मागायची आहे आणि कोणाकडे मागायची ते कळत नाही. चुंबळीकडे मागून उपयोग नाही, तिला काही आठवत नाही. रडू अजून आलेलं नाही. छातीत काहीतरी हललं मात्र, उंदीर गेल्यावर चिमटा रिकामा झाला तेव्हा.

वहीत लिहिलंय, जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, उचलायचं नाही, सारखं जाऊन बघायचं नाही, नाहीतर घाबरून खाल्लेलं टाकते. मी काच सरकवली, दिवा घालवला, बाहेर आले. तुझे दाजी जेवायला हाक मारतायत. येते म्हणाले आहे. कोठीच्या दाराबाहेर पाट टाकून बसले आहे, आत माझं एक माणूस सुखाने बसलेलं आहे हे माहीत असून, आणि दार वाजवत नाही.